‘जेंट्स’च्या कॉलमबद्दल एचआरला खुलं पत्र

नमस्कार एचआर टीम आणि ड्रेस कोड कमिटीतले सगळे मेंबर,

मागच्या आठवड्यात तुमचं सर्क्युलर आलं, सोमवार ते गुरुवार फॉर्मल्स कंपल्सरी, शुक्रवारी स्मार्ट कॅज्युअल, आणि खाली एक टेबल, डावीकडे जेंट्स आणि उजवीकडे लेडीज. मेलच्या शेवटी लिहिलंय की काही शंका असल्यास याच मेलला रिप्लाय करा. शंका आहे, पण रिप्लाय केला की वर माझं नाव, फोटो, एम्प्लॉयी आयडी आणि मॅनेजर कोण ते सगळं आपोआप दिसतं, त्यामुळे इथे उघड्यावर लिहितोय. कंपनीचं नाव घेत नाही. थोड्याफार फरकाने हेच टेबल हिंजवडीपासून खराडीपर्यंत बऱ्याच ऑफिसात फिरतंय, ज्याला लागू पडेल त्याने आपलं समजून वाचावं.

आधी एकदाचं सांगून टाकतो. मी क्रॉसड्रेसर आहे. पुरुष आहे, लग्न झालंय, एक मुलगी आहे, फ्लॅटचा हप्ता चालू आहे, आणि मला साडी नेसायला आवडते. घरात, दार लावून, कधी कुर्ती-लेगिंग्ज, कधी साधी कॉटनची इरकल. बायकोला लग्नाआधीच सांगितलं होतं, तिने दोन दिवस विचार केला आणि मग म्हणाली ठीके, पण माझ्या साड्यांना हात लावायचा नाही, तुझ्या तू घे. आता ती म्हणते निऱ्या तू माझ्यापेक्षा नीट काढतोस. आईला माहीत नाही. ऑफिसात कोणालाच माहीत नाही. आणि मी ट्रान्सजेंडर आहे का, तर माझ्यापुरतं उत्तर नाही असं आहे. आमच्यातल्या काहींना पुढे जाऊन कळतं की आपण बाईच आहोत, त्यांचा प्रवास वेगळा आणि माझ्यापेक्षा कितीतरी अवघड, त्यांच्या वतीने मी बोलणार नाही.

आणि घाबरू नका, मी पैठणी नेसून स्प्रिंट रिव्ह्यूच्या मीटिंगला येणार नाहीये. लोकांना क्रॉसड्रेसर म्हटलं की लगेच तेच डोळ्यासमोर येतं. माझं भांडण तुमच्या उजव्या कॉलमसाठी नाहीच, ते डाव्या कॉलमशी आहे.

डाव्या कॉलममध्ये काय आहे ते परत वाचा. फुल स्लीव्ह शर्ट, लाइट कलर, प्लेन किंवा बारीक रेघा. शर्ट इन केलेला. डार्क ट्राउझर. लेदर बेल्ट आणि त्याच रंगाचे लेदर शूज. क्लायंट व्हिजिटला टाय. कुर्ता फक्त ट्रॅडिशनल डेला. कानात काही नको, हातात धार्मिक धागा सोडून काही नको, केस कॉलरला टेकायला नकोत. उजव्या कॉलममध्ये शर्ट-ट्राउझर, सलवार कमीज, कुर्ती, साडी, इंडो-वेस्टर्न, गुडघ्याखालचा स्कर्ट, रंगाबद्दल एक शब्द नाही. बायकांना जास्त सूट मिळाली म्हणून मी रडत नाहीये, त्यांच्या कपड्यांवर ऑफिसात जेवढी कॉमेंट होते तेवढी आमच्यावर जन्मात होणार नाही हे मला माहितीये. पण एकीकडे सहा ऑप्शन आणि दुसरीकडे एकच, तोही नख-केसांपर्यंत ठरवलेला, हे टेबल बनवताना कोणाला खटकलं नाही का?

आता त्रास नेमका काय होतो. तुम्ही म्हणाल फॉर्मल्स सगळ्यांनाच टोचतात, कॉलर टोचते, एप्रिलमध्ये घाम येतो, त्यात काय विशेष. तसा त्रास मला नाहीच, किंवा आहे पण त्याचं काही वाटत नाही. शर्टाची कॉलर कितीही कडक असली तरी साडीच्या परकराची नाडी तिच्यापेक्षा जास्त रुतते, कमरेवर संध्याकाळपर्यंत लाल वळ राहतो, ब्लाउजच्या काखेत शिवण काचते, पदराची पिन कधीतरी खांद्याला टोचतेच. ज्याला साडी नेसायची सवय आहे त्याने टाय घट्ट होतो अशी तक्रार करणं हा विनोद आहे. कपड्याचा आराम हा मुद्दा असता तर मी साडीच्या वाटेला गेलोच नसतो.

त्रास दुसरीकडे आहे. जीन्स आणि टी-शर्ट काही बोलत नाहीत, ते कोणीही घालतं, मुलगी घालते, आजोबा घालतात. साधा सुती कुर्ता पण तसाच. ते घातले की मी स्वतःला विसरून आठ तास काम करू शकतो. फॉर्मल्सचं तसं नाही. ते कपडे एका ठराविक पुरुषासाठी शिवलेले असतात, ब्लेझरच्या खांद्यात पॅड घालून खांदा रुंद करतात, कंबर लपवतात, गळ्यापर्यंत सगळं बंद. आणि एकदा ते अंगावर चढले की तो पुरुष दिवसभर पुरवत बसावं लागतं. म्हणजे असं की मी त्या कपड्यांत बसलो की पाय एकावर एक कसे टाकलेत ते बघतो. हात बोलताना फार हलतायत का ते बघतो. हसताना तोंडावर हात जातो माझा, तो जाऊ देत नाही. आवाज अर्धा सूर खाली घेतो, हे मला बायकोने सांगितलं, मीटिंगच्या कॉलवर तू वेगळाच बोलतोस म्हणाली, आणि तेही ज्या दिवशी कॅमेऱ्यासाठी शर्ट-टाय घातलेला असतो त्याच दिवशी. टी-शर्टात कॉल घेतला की आवाज माझा असतो. हे मी ठरवून करत नाही. कोणीतरी सतत माझ्यावर नजर ठेवतंय आणि तो कोणीतरी मीच आहे असा प्रकार आहे. दिवसाच्या शेवटी कामाने दमलो की यानेच दमलो ते कळत नाही.

आमचा एक छोटा ग्रुप आहे, महिन्यातून एखादवेळी कोणाच्या तरी फ्लॅटवर भेटतो, नेसतो, मेकअप करतो, चहा पितो, प्रमोशन आणि गुडघेदुखीबद्दल बोलतो, म्हणजे बाहेरच्यांना वाटतं तसं काही सनसनाटी नसतं. तिथे हा विषय निघाला की जवळजवळ सगळ्यांकडे किस्से असतात. एकजण बँकेत आहे, तो म्हणतो कुलूप लावल्यासारखं वाटतं म्हणून टायची गाठ मी घरी बांधतच नाही, ब्रँचच्या दारात बांधतो. एक मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह आहे, उन्हातान्हात टाय लावून डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये बसणं हेच त्याचं काम, तो म्हणतो ज्या आठवड्यात कंपनीचे मोठे साहेब येतात आणि ब्लेझर घालावा लागतो त्या आठवड्यात घरी येऊन नेसायची तल्लफ दुप्पट असते. हे मात्र माझंही आहे. क्लायंट व्हिजिटच्या आठवड्यात मी कपाटाकडे जास्त जातो. लोकांना वाटतं फॉर्मल्समध्ये ठेवलं की माणूस ‘सुधारेल’, इथे उलटंच होतं.

आमच्यातले काहीजण म्हणतात की ऑफिसचे कपडे हेच आमचं खरं वेषांतर. मला हे जरा फिल्मी वाटतं. ऑफिसात कोड लिहिणारा, रात्री अकराला प्रॉडक्शनचा बग शोधणारा पण मीच आहे, तो काही खोटा माणूस नाही. आणि हेही खरं की ग्रुपमधल्या एकाला सूट मनापासून आवडतो, तो सूटही शिवून घेतो आणि शालूही घेतो आणि दोन्हींत रुबाबात फिरतो, त्याला आमचं रडगाणं कळतच नाही. म्हणजे सगळे क्रॉसड्रेसर सारखे नसतात. पण ज्यांना त्रास होतो त्यांचा त्रास खरा आहे आणि तो सांगायला आजपर्यंत कुठे जागा नव्हती, कारण सांगायचं म्हणजे आधी बाकीचं सगळं सांगावं लागतं.

मग आम्ही करतो काय, तर बारीक बारीक वाटा काढतो. पायाच्या नखांना नेलपेंट, बुटांत दिसत नाही. हाताला पारदर्शक. शर्टाच्या आत काय घातलंय ते तुम्हाला सांगायची गरज नाही. भुवया थोड्याशा नीट केलेल्या, कोणी विचारलं तर सलूनवाल्याने जास्त काढल्या म्हणायचं. लव्हेंडर किंवा फिकट गुलाबी शर्ट. मान झाकतील एवढे केस, ‘हौशी नाटकात काम करतो’ हे कारण पुण्यात कोणालाही पटतं. आणि माझ्यापुरतं सांगायचं तर डाव्या कानात एक अगदी बारीक खडा. एवढ्यावर आठवडा निघतो. खरंच निघतो. कोणाला दिसत नाही, दिसलं तरी कळत नाही, पण मला माहीत असतं आणि तेवढं पुरतं. तुमच्या सर्क्युलरने नेमक्या याच वाटा बंद केल्या, कानातलं नको, केस नकोत. तुम्ही माझा विचार करून हे लिहिलं नाही हे कळतं मला. कोणाचाच विचार न करता लिहिलंय, म्हणून तर पत्र लिहितोय.

आता तुमच्या सर्क्युलरमधलं एक वाक्य, की पुरुषांचे फॉर्मल्स हे ‘कालातीत प्रोफेशनल स्टँडर्ड’ आहे. कालातीत? आपल्याच शहरात १७९० च्या दशकात जेम्स वेल्स नावाच्या स्कॉटिश चित्रकाराने सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांची चित्रं काढली, ती बघा एकदा. पेशव्याच्या गळ्यात मोत्यांचे सर, पागोट्यावर दागिना. पुरुषांनी कानात भिकबाळी घालणं ही तर इथली प्रतिष्ठेची गोष्ट होती, आजही ढोल-ताशा पथकातली पोरं गणपतीत ती हौसेने घालतात आणि त्यांचं कौतुक होतं, सोमवारी ऑफिसात तीच नियमभंग. त्या काळापर्यंत युरोपातही श्रीमंत पुरुष रेशीम, लेस आणि विग घालायचे, फ्रान्सचा चौदावा लुई तर उंच टाचांचे बूट घालून स्वतःचं पोर्ट्रेट काढून घ्यायचा. अठराव्या शतकाच्या शेवटी तिथल्या पुरुषांनी हे सगळं सोडलं आणि काळं-करडं घालायला लागले, फ्ल्यूगल नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९३० मध्ये त्याला पुरुषांचा ‘महान त्याग’ म्हटलंय, थोडं खवचटपणेच. टाय त्याच्याही आधीचा, सतराव्या शतकातल्या क्रोएशियन भाडोत्री सैनिकांच्या गळ्यातल्या फडक्यावरून फ्रान्समध्ये आलेला. म्हणजे क्लायंट व्हिजिटला मी प्रोफेशनल दिसावं म्हणून भाडोत्री सैनिकाचं फडकं बांधायचं. बरं.

आणि इंग्रज आल्यावर इथल्या लोकांनी ते जसंच्या तसं घेतलं का, तर नाही. कितीतरी वर्षं आपले कारकून आणि वकील वर कोट आणि खाली धोतर असे ऑफिसला जायचे. न्यायमूर्ती रानडे १८९३ पासून मुंबई हायकोर्टात जज होते, त्यांचे फोटो डोक्यावरच्या पागोट्यासकट आहेत, त्यांच्या प्रोफेशनलपणावर कोणी शंका घेतल्याचं ऐकलं नाही.

एसीचं पण बोलून घेतो, विषयाला थोडा सोडून आहे. ऑफिसच्या तापमानाचं स्टँडर्ड १९६० च्या दशकात साधारण चाळिशीच्या, सत्तर किलोच्या पुरुषाच्या शरीरावरून ठरवलं गेलं, २०१५ मध्ये दोन डच संशोधकांनी हे दाखवून दिलं. आपल्या फ्लोअरवर बायका शाल घेऊन बसतात आणि पुरुष ब्लेझरमध्ये बसतात, आणि एसी त्या ब्लेझरच्या हिशोबाने चालतो. जपान सरकारने २००५ मध्ये उन्हाळ्यासाठी मोहीमच काढली, कोट-टाय काढा आणि एसी २८ वर ठेवा. जपानसारख्या देशात, जिथे सुटाशिवाय पान हलत नाही. तुम्ही मे महिन्याच्या तोंडावर टाय आणताय.

आता मला ज्याबद्दल जास्त बोलायचंय ते. तुमच्याच टीमने मागच्या महिला दिनाला गेम ठेवला होता, ‘दोन मिनिटांत साडी’. कॅफेटेरियात सगळ्यांसमोर पुरुषांना साड्या द्यायच्या, पॅन्टवरूनच, आणि जो आधी नेसेल त्याला व्हाउचर. आमच्या टीमने मला पुढे ढकललं. मला साडी पिनांशिवाय नेसता येते, निऱ्या डोळे मिटून काढता येतात, आणि तिथे उभं राहून मी पदर कुठून सुरू होतो तेच कळत नाही असं दाखवलं. साडी उलटी धरली, पाय अडकला, लोक हसले. फार हसले. एका डिलिव्हरी हेडने, जो सगळ्यात वाईट नेसला होता, लाजल्यासारखं करून रॅम्प वॉक केला आणि त्याला पहिलं बक्षीस मिळालं. फोटो इंट्रानेटवर अजून आहेत. अ‍ॅन्युअल डेला पण दरवर्षी एक तरी स्किट असतं ज्यात कोणीतरी दोन बॉल घालून बाई होतो आणि तुम्ही पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवता.

म्हणजे ऑफिसात पुरुषाने साडी नेसलेली चालते. ती वाईट नेसली पाहिजे, लोकांना हसू आलं पाहिजे, एवढ्याच अटी आहेत. नीट नेसली तर प्रॉब्लेम. त्या दिवशी जर मी खरंच नीट नेसून दाखवली असती तर दोन मिनिटांनी कॅफेटेरियात किती शांतता झाली असती याचा विचार करून बघा. हा गेम बंद करा असं मी म्हणत नाही, हसू द्या लोकांना. फक्त मग पुरुषाच्या कानातला खडा क्लायंटला ऑकवर्ड वाटेल असं त्याच तोंडाने सांगू नका.

आणि हे पुण्यात घडतं याचं मला जास्त हसू येतं. ज्या माणसाच्या नावाने जंगली महाराज रस्त्यावर १९६८ पासून रंगमंदिर उभं आहे ते नारायणराव राजहंस, बालगंधर्व, आयुष्यभर शालू नेसून रंगमंचावर उभे राहिले, त्यांची साडी, त्यांचे दागिने, त्यांचा गजरा बघून घरोघरच्या बायका तशी फॅशन करायच्या. पद्मभूषण मिळालं. बायकांना स्टेजवर यायची मुभा नव्हती म्हणून पुरुष त्या भूमिका करायचे हे मला माहितीये, आणि ते आमच्यासारखे क्रॉसड्रेसर होते असा दावा मी करत नाही, तो करणं त्यांच्यावर अन्याय होईल. मला गंमत वाटते ती १९३५ ची. त्या वर्षी प्रभातच्या सिनेमात त्यांनी पुरुष भूमिका केली, संत एकनाथांची. ज्या माणसाला बाईच्या वेषात बघायला गाव लोटायचं त्याला पुरुषाच्या वेषात बघायला लोक तसे आले नाहीत, आणि ते परत रंगभूमीवर, परत त्याच लुगड्यात. दुसरी बाजू पण आहे. गणपत पाटलांनी तमाशापटांत नाच्या इतका चांगला उभा केला की संसारी माणूस असूनही लोकांनी त्यांना पडद्याबाहेर सुद्धा तोच समजून छळलं. स्टेजवर टाळ्या, खाली उतरलं की चेष्टा.

‘आपली पॉलिसी जेंडर न्यूट्रल आहे’ असं तुमच्या मॅडम टाउनहॉलमध्ये म्हणाल्या. न्यूट्रल म्हणजे काय हे जरा बघा. केरळात बालुसेरीच्या सरकारी शाळेत डिसेंबर २०२१ मध्ये जेंडर न्यूट्रल युनिफॉर्म आला, खूप गाजला, चांगला निर्णय होता, मुलींना शर्ट-पॅन्ट मिळाली, पळायला-बसायला सोपं झालं. पण न्यूट्रल म्हणजे सगळ्यांनी मुलांचे कपडे घालायचे, उलटी वाट कोणाच्या मनातच येत नाही. इंग्लंडमध्ये एक्सटरला जून २०१७ मध्ये उकाडा असूनही शाळेने मुलांना हाफ पॅन्ट घालू दिली नाही तर पोरं मुलींचे स्कर्ट घालून आली, नियमात स्कर्ट चालतो ना मग झालं. जगभर बातमी झाली. पोरांना फक्त पायाला वारा लागायला हवा होता, त्यात जेंडर-बिंडर काही नव्हतं, तरी बातमी झाली कारण मुलगा आणि स्कर्ट. आपल्या फ्लोअरवर निम्म्या बायका शर्ट-ट्राउझरमध्ये असतात, कोणी मान वर करून बघत नाही, आणि ही सवय लागायला त्यांच्या आधीच्या पिढीने किती बोलणी खाल्ली असतील. मला त्याचा आनंदच आहे. मी फक्त म्हणतोय की रस्ता एकेरी आहे हे कबूल तरी करा.

कायद्याचं थोडक्यात, कारण तुमच्या लीगलवाल्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. सुप्रीम कोर्टाने १५ एप्रिल २०१४ ला नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) केसमध्ये सांगितलं की माणूस आपली जेंडर ओळख कपड्यांतून, बोलण्या-वागण्यातून व्यक्त करतो आणि ते घटनेच्या १९ व्या कलमातल्या अभिव्यक्ती स्वातंत्र्यात येतं. तो निकाल ट्रान्सजेंडर लोकांसाठी होता, मी त्यात बसतो असं मी म्हणत नाही, पण कपडे हे नुसते कपडे नसतात हे देशाच्या सगळ्यात मोठ्या कोर्टाने लिहून ठेवलंय. आणि कोणाला हा आजार वाटत असेल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या जुन्या यादीत विरुद्धलिंगी कपडे घालण्याबद्दल ज्या दोन नोंदी होत्या त्या अकराव्या आवृत्तीतून गेल्या, ती १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. जूनमध्ये, प्राइड महिन्यात, कंपनीचा लोगो सप्तरंगी करणाऱ्या टीमला एवढं माहीत असावं.

मला काय हवंय ते सांगतो, फार मोठं नाही. टेबलमधली मधली रेघ काढा. जेंट्स-लेडीज असे दोन कॉलम ठेवण्याऐवजी एकच यादी करा, कपडे स्वच्छ, इस्त्री केलेले, फाटके नकोत, अचकट-विचकट मजकूर छापलेले नकोत, लॅबमध्ये बंद बूट. कुर्ता कोणीही कधीही. रंग कोणताही. कानातलं बारीक असेल तर कोणाच्याही कानात. केस विंचरलेले, लांबी ज्याची त्याने ठरवावी. टाय ज्याला हौस आहे त्याने लावावा, काहींना खरंच छान दिसतो. बस. यातून एकही पुरुष उद्या साडी नेसून येणार नाही, मी पण नाही, आणि समजा पाच-दहा वर्षांनी कोणी आलाच तर तेव्हा बघू, तोपर्यंत तुमची बदली झालेली असेल. क्लायंटची भीती दाखवू नका. इन्फोसिसने २०१५ मध्येच रोजच्या फॉर्मल्सची सक्ती काढली, गोल्डमन सॅक्ससारख्या सूटवाल्या बँकेने २०१९ मध्ये ड्रेस कोड सैल केला. त्यांचे क्लायंट पळाले नाहीत, आपले तर बऱ्याचदा हूडी घालून कॉलवर येतात.

काय नको तेही सांगतो. कृपा करून यावर सेन्सिटायझेशन वर्कशॉप ठेवू नका, जिथे दोनशे लोकांसमोर बाहेरचा ट्रेनर स्लाइडवर माझी व्याख्या दाखवेल आणि मागच्या रांगेत खसखस पिकेल आणि मी पण त्यात हसायचं नाटक करत बसेन. ‘अनॉनिमस’ सर्वे पाठवू नका ज्यात आधी एम्प्लॉयी आयडीने लॉगिन करावं लागतं. काउन्सेलरचा नंबर पाठवू नका, माझं बरं चाललंय. आणि हे कोणी लिहिलं ते शोधत बसू नका. मी काही डिटेल्स मुद्दाम बदललेत, आणि केस वाढवलेले, गुलाबी शर्टवाले, हौशी नाटकवाले आपल्या बिल्डिंगमध्ये ढिगाने आहेत, उगाच कोणातरी बिचाऱ्याकडे कँटीनमध्ये टक लावून बघाल आणि तो निघेल सरळसाधा पुरुषोत्तम करंडकवाला.

टीममधल्या बाकी पुरुषांना पण एक सांगायचंय, तुम्ही हे वाचत असाल तर. तुमच्यातल्या कितीजणांना टाय आवडतो? लिफ्टमध्ये रोज सगळे कुरकुर करता, शर्ट खोचून पोट दिसतं, बूट चावतात, मग मेलला रिप्लाय का करत नाही? तुम्हाला तर लपवायला काही नाही. माझ्यासारख्याने तोंड उघडलं की लोक कारण शोधतात, तुम्ही उघडलंत तर ती फक्त उकाड्याची तक्रार असते. दहा जणांनी तेवढं केलं तरी या पत्राची गरज उरणार नाही.

सर्क्युलर एक तारखेपासून लागू आहे आणि फीडबॅकनंतर रिव्ह्यू करू असं खाली बारीक अक्षरात लिहिलंय. तोपर्यंत मी नियम पाळतोय, हप्ता भरायचाय. पांढरा शर्ट, नेव्ही ब्लू ट्राउझर, बेल्ट आणि बूट एकाच रंगाचे, टाय बॅगेत. केस कापून आलो, सलूनवाला म्हणाला नाटक संपलं का दादा. कानातला खडा काढून ठेवलाय, पण बरेच दिवस काही घातलं नाही तर भोक बुजतं म्हणतात, आणि परत टोचून घ्यायचं माझं आता वय नाही, तेव्हा रिव्ह्यू मीटिंगची तारीख जरा लवकरची धरा.

आपला,
डाव्या कॉलममधला एक एम्प्लॉयी